इल्मेनाइटचा अभिक्रिया-वेग: आकडा खनिजाचा की क्रुसिबलचा?

प्रश्न असा आहे: कोकण किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून चुंबकाने वेगळे काढलेले इल्मेनाइट (लोह-टायटेनियमचे ऑक्साइड-खनिज) रासायनिक-चक्रीय ज्वलनासाठी ऑक्सिजन वाहक म्हणून तपासले. टीजीएमध्ये (तापवताना नमुन्याचे वजन सतत मोजणारे यंत्र) ५० मिलिग्रॅम नमुना, १५ टक्के कोरडा हायड्रोजन, मिनिटाला १०० मिलिलिटर वायू, तापमान ८५० ते ९५० अंश सेल्सिअस. सक्रियण ऊर्जा, म्हणजे तापमानाने वेग किती बदलतो याचे माप, २८ किलोज्यूल प्रति मोल आली. प्रकाशित आकडे याच्या दुपटीहून जास्त आहेत. शिवाय दर चक्राला वेग वाढतच जातो. यातला कोणता आकडा धरून कोळशावर चालणाऱ्या १०० किलोवॉटच्या इंधन-रिअ‍ॅक्टरमध्ये किती माल भरायचा हे ठरवावे?

आधी थेट उत्तर. २८ हा आकडा इल्मेनाइटचा नाही. तो बहुतांशी क्रुसिबलच्या, म्हणजे नमुन्याच्या वाटीच्या, तोंडातून आत झिरपणाऱ्या वायूचा आहे. वेग वाढत जाणे मात्र खरोखर खनिजाचे लक्षण आहे, आणि ती वाढ थांबेपर्यंत मोजलेला कुठलाही वेग डिझाइनला चालत नाही. तिसरी गोष्ट, इंधन कोळसा असेल तर माल किती भरायचा हे इल्मेनाइटच्या वेगावर फारसे ठरतच नाही. पण या तिन्हींच्या आधी एक शंका आहे: तुमच्या डबीत इल्मेनाइट आहे का?

संदर्भापुरते सांगतो. या पद्धतीत इंधन आणि हवा एकमेकांना भेटत नाहीत. धातूच्या ऑक्साइडचे कण हवा-रिअ‍ॅक्टरमध्ये ऑक्सिजन घेतात, इंधन-रिअ‍ॅक्टरमध्ये तो इंधनाला देतात आणि रिकाम्या हाताने परत येतात. धुरात हवेतला नायट्रोजन येत नाही, त्यामुळे वाफ थंड करून काढली की जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड उरतो. 'केमिकल लूपिंग कम्बश्चन' हे नाव १९८७ मध्ये जपानच्या इशिदा यांच्या लेखनातून रुळले. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात २००३ मध्ये १० किलोवॉटचा संच चालला. कोळसा आणि बायोमाससाठी महागडे कृत्रिम वाहक परवडत नाहीत, कारण राखेबरोबर थोडा माल रोजच बाहेर जातो. म्हणून खनिजे: इल्मेनाइट, हेमेटाइट, मँगनीजचे दगड. प्रकाशित इल्मेनाइट-आकड्यांपैकी बरेचसे नॉर्वेतल्या टेलनेसच्या खाणीच्या मालावरचे आहेत. तो खडकातून फोडलेला, ताजा माल. किनाऱ्यावरची वाळू ही निराळी जात.

आता डबीकडे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाची काळी वाळू मुख्यतः दख्खनच्या बेसाल्टमधून आलेली. तिच्यात इल्मेनाइटबरोबर मॅग्नेटाइट, टायटेनियमयुक्त मॅग्नेटाइट आणि ऑजाइट (काळपट सिलिकेट खनिज) भरपूर. साधे काळे फेराइट चुंबक वाळूवरून फिरवले की त्याला दाढीसारखे कण चिकटतात, आणि त्यातले बहुतेक मॅग्नेटाइट असतात. इल्मेनाइटचे चुंबकत्व क्षीण असते. ते साध्या चुंबकाला जवळपास दाद देत नाही. तेव्हा क्रम उलटा हवा. फेराइट चुंबकावर पॉलिथिनची पिशवी चढवा, वाळू पातळ पसरा, आणि जे चिकटेल ते फेकून द्या. चिकटणे बंद होईपर्यंत चार-पाच वेळा. मग उरलेल्या वाळूवर नियोडिमियमचे जोरकस चुंबक; आता जे येते ते इल्मेनाइट, थोडे ऑजाइट आणि असला तर गार्नेट. शेवटी एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिजे ओळखणारी चाचणी) काढाच. ती काढल्याशिवाय पुढचे काही मोजू नका.

किनाऱ्याच्या वाळूत आणखी दोन गोष्टी असतात आणि दोन्ही टीजीएला फसवतात. पहिली, शिंपल्यांचा चुरा. विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो. कॅल्शियम कार्बोनेट ८०० अंशांच्या आसपास ४४ टक्के वजन गमावते. नमुन्यात १ टक्का शिंपला असला तरी ०.४४ टक्के घट होते. इल्मेनाइटची सगळी वापरता येणारी ऑक्सिजन-क्षमता जेमतेम ४-५ टक्के, म्हणजे पहिल्याच तापवणीत दहा टक्क्यांची चूक. दुसरी, मीठ. सोडियम क्लोराइड ८०१ अंशांना वितळते, कण एकमेकांना चिकटवते, आणि नंतर बेडमध्ये, म्हणजे रिअ‍ॅक्टरमधल्या कणांच्या थरात, गुठळी झाली की दोष इल्मेनाइटवर जातो. गोड्या पाण्याने धुवा. शेवटच्या धुवणात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यावर पाणी गढूळ झाले नाही म्हणजे पुरे. मग वाळवून चाळा आणि हवेत ९५० अंशांवर २४ तास भाजा. भाजल्याने सगळे लोह त्रिसंयुजी होते, शिंपल्याचा वायू निघून जातो, आणि मोजणीला 'पूर्ण ऑक्सिडाइज्ड' असा पक्का आरंभबिंदू मिळतो.

भाजलेले इल्मेनाइट हे मुळी इल्मेनाइट नसतेच. दोन रेणू आयर्न टायटेनेट (इल्मेनाइट) अर्धा रेणू ऑक्सिजन घेऊन स्यूडोब्रुकाइट (त्रिसंयुजी लोहाचे टायटेनेट) आणि रुटाइल (टायटेनियम डायऑक्साइड) बनतात. क्षपणात, म्हणजे ऑक्सिजन काढून घेतल्यावर, पुन्हा इल्मेनाइट होते. शुद्ध खनिजासाठी ही देवाणघेवाण ऑक्सिडाइज्ड वजनाच्या ५.० टक्के. तुमच्या मालासाठी हिशेब सोपा: भाजलेल्या नमुन्यातल्या एकूण लोहाच्या टक्केवारीला ०.१४३ ने गुणा. लोह ३५ टक्के असेल तर ५.०; २६ टक्के असेल तर ३.७. केरळच्या चवरासारख्या किनाऱ्यांवरच्या जुन्या, झिजलेल्या इल्मेनाइटमधून लोह धुऊन गेलेले असते, टायटेनियम डायऑक्साइडचे प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात जाते. रंग कारखानदाराला ते हवे असते, आपल्याला नको. आपल्याला लोह हवे.

इथे हेमेटाइटवाल्यांचा एक गैरसमज नेहमी दिसतो. गोव्याच्या बारीक लोहखनिजात लोह जास्त, म्हणून ऑक्सिजनही जास्त मिळेल असे वाटते. कागदावर हेमेटाइट ते लोह ३० टक्के, हेमेटाइट ते वुस्टाइट (द्विसंयुजी लोहाचे ऑक्साइड) १० टक्के. पण इंधन-रिअ‍ॅक्टरमधून बाहेर जाणारा वायू जवळजवळ पूर्ण जळलेला हवा असेल तर तुम्हाला मॅग्नेटाइटपाशी थांबावे लागते. ९०० अंशांवर मॅग्नेटाइट-वुस्टाइट जोडी वायूत सुमारे पाचवा हिस्सा हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइड न जळताच सोडते. त्यामुळे हेमेटाइटची कामाची क्षमता फक्त ३.३ टक्के. इल्मेनाइटमध्ये टायटेनियम द्विसंयुजी लोहाला धरून ठेवतो, म्हणून तिथे सगळे लोह कामाला येते. वायूचे ज्वलन हेमेटाइट-मॅग्नेटाइटइतके पूर्ण होत नाही, थोडा तोटा राहतो. पण किलोमागे ऑक्सिजन जास्त.

कोरडा हायड्रोजन वापरल्यामुळे तुमच्या प्रयोगात नेमके हेच बिघडते. वाफ नसेल तर क्षपण इल्मेनाइटवर थांबत नाही. ते पुढे जाऊन धातुरूप लोह आणि रुटाइल देते, आणि वजनातली घट ५ वरून १५ टक्क्यांपर्यंत जाते. तुमच्या आलेखात घट ५ टक्क्यांच्या वर गेली असेल तर तुम्ही एक नाही, दोन अभिक्रिया एकाच रेषेत बसवल्या आहेत. धातुरूप लोह झाले की कण एकमेकांना चिकटतात, आणि प्लॅटिनमचे क्रुसिबल असेल तर लोहाशी मिश्रधातू होऊन क्रुसिबल कायमचे बाद. उपाय स्वस्त आहे: वायू ६० अंशांवर ठेवलेल्या पाण्याच्या बुडबुड्यांतून न्या, तिथून निघताना त्यात सुमारे २० टक्के वाफ असते. पुढची नळी मात्र १२० अंशांवर तापती ठेवा. कुठेही थंड सांधा राहिला की थेंब साचतो, मग तो अधूनमधून उडतो, आणि वजनाच्या रेषेत अकारण खाचा दिसतात. १५ टक्के हायड्रोजनला २० टक्के वाफ जोडली की इल्मेनाइट धातूपर्यंत जात नाही. हेमेटाइटसाठी हे प्रमाण पुरत नाही. तिथे ५ टक्के हायड्रोजनला ३० टक्के वाफ लागते, म्हणजे पाणी साधारण ६९ अंशांवर.

आता २८ कडे. सक्रिय झालेले (म्हणजे अनेक चक्रांनंतर वेग वाढून स्थिरावलेले) इल्मेनाइट ९०० अंशांवर, १५ टक्के हायड्रोजनमध्ये पूर्ण क्षपित व्हायला साधारण १०० सेकंद घेते असे धरा. आकुंचित गाभ्याच्या प्रतिमानात (कण बाहेरून आत क्षपित होत जातो असे धरून), अभिक्रियाच वेग ठरवत असेल तेव्हा, समीकरण असे:

१ − (१ − क्ष)^(१/३) = काळ ÷ पूर्ण रूपांतराचा काळ

इथे क्ष म्हणजे रूपांतर, ० ते १. सुरुवातीचा वेग म्हणजे ३ भागिले पूर्ण काळ: ३ ÷ १००, सेकंदाला ३ टक्के. ५० मिलिग्रॅम नमुना, क्षमता ४ टक्के, म्हणजे २ मिलिग्रॅम ऑक्सिजन, ०.१२५ मिलिमोल, तेवढाच हायड्रोजन लागतो. सुरुवातीची मागणी मिनिटाला सुमारे ०.२२ मिलिमोल. पुरवठा किती? १०० मिलिलिटरचा १५ टक्के, म्हणजे १५ मिलिलिटर, ०.६७ मिलिमोल. म्हणजे भट्टीत शिरणारा प्रत्येक रेणू नमुन्याला शिवून गेला तरी एक तृतीयांश हायड्रोजन तिथेच खपतो. प्रत्यक्षात बहुतेक वायू क्रुसिबलच्या बाजूने वाहून जातो आणि नमुन्यापर्यंत जे पोचते ते उभ्या भिंतींच्या आतल्या स्थिर वायूतून विसरणाने. तळाचे कण उपाशी, वरचे तृप्त. विसरणावर तापमानाचा परिणाम कमी, म्हणून सक्रियण ऊर्जा पडते.

हेच १० मिलिग्रॅम आणि मिनिटाला २०० मिलिलिटर करा: मागणी ०.०४५, पुरवठा १.३४ मिलिमोल, खप साडेतीन टक्क्यांच्या आत. क्रुसिबल उथळ घ्या, भिंत दोन मिलिमीटरहून उंच नको, आणि कण एका थरात पसरा, ढीग नको. धातुरूप लोह होणारच नाही याची खात्री असेल तर प्लॅटिनमच्या जाळीची टोपली सगळ्यात चांगली. नसेल तर अ‍ॅल्युमिना.

खात्री करायची ती अशी. तापमान एकच ठेवून नमुना ४०, २० आणि १० मिलिग्रॅम. रूपांतर-काळ रेषा एकमेकींवर बसल्या की क्रुसिबल मोकळे झाले. मग १० मिलिग्रॅमवर कणाचा आकार बदला: १००-१५०, १५०-२०० आणि २००-३०० मायक्रॉन. वेग बदलला नाही तर अभिक्रिया कणाच्या आतल्या बारीक दाण्यांवर चालते आणि छिद्रांतले विसरण आड येत नाही. काळ त्रिज्येच्या प्रमाणात वाढला तर अख्खा कणच आकुंचित गाभ्यासारखा वागतो, जे न भाजलेल्या घट्ट इल्मेनाइटमध्ये दिसते. वर्गाच्या प्रमाणात वाढला तर तयार झालेल्या थरातले विसरण वेग ठरवते. छिद्र-विसरणाच्या पट्ट्यात सक्रियण ऊर्जा खऱ्याच्या निम्मी दिसते; ६५ ची निम्मी ३२, तुमच्या २८ पासून फार दूर नाही. म्हणून दोन्ही चाचण्या लागतात, नुसती नमुन्याच्या वजनाची पुरत नाही.

वजनाच्या रेषेतली आणखी एक चूक प्लवनाची, म्हणजे भोवतालच्या वायूने वर उचलण्याची आहे. १० मिलिग्रॅम नमुन्यात पूर्ण घट ०.४ मिलिग्रॅम. हवेवरून नायट्रोजन-हायड्रोजनवर गेले की वायूची घनता बदलते आणि तराजू काही दशक मायक्रोग्रॅम सरकतो. ४० मायक्रोग्रॅम सरकला तर रूपांतरात दहा टक्क्यांची खोटी उडी. रिकाम्या क्रुसिबलवर तीच तापमाने, तेच वायू, तेच झडप-वेळापत्रक चालवून येणारी रेषा वजा करा. प्रत्येक तापमानाला वेगळी. दोन वायूंच्या मध्ये २ मिनिटे शुद्ध नायट्रोजन हवाच, नाहीतर हायड्रोजन आणि हवेची गाठ गरम भट्टीतच पडते.

झडप फिरवल्यावर नवा वायू नमुन्यापर्यंत ताबडतोब पोचत नाही. भट्टीची पोकळी २०० मिलिलिटर आणि प्रवाह २०० मिलिलिटर असेल तर वायू पुरता बदलायला मिनिटाच्या घरात वेळ जातो, आणि त्यात १०० सेकंदांच्या अभिक्रियेची सुरुवात वितळून जाते. जी रेषा दिसते ती एस-आकाराची, आणि लोक तिला 'केंद्रक-निर्मिती' म्हणून मोकळे होतात. हायड्रोजन ५ टक्क्यांवर आणा. वेग एक-तृतीयांश होतो, पूर्ण काळ ३०० सेकंदांवर जातो, झडपेचा परिणाम मागे पडतो. शिवाय ५, १० आणि १५ टक्क्यांवर मोजले की अभिक्रियेची कोटी, म्हणजे वेग सांद्रतेच्या कितव्या घाताने बदलतो, तीही हाती येते. हायड्रोजनसाठी ती १ च्या जवळ यायला हवी. आली नाही तर उपासमार अजून चालू आहे.

सक्रियणाचे काय? खनिज इल्मेनाइटचा ताजा कण घट्ट असतो, सच्छिद्रता एखाद-दुसरा टक्का. चक्रे सुरू झाली की कणात भेगा पडतात, लोह बाहेरच्या बाजूला सरकते, पृष्ठावर हेमेटाइटचे आवरण जमते, आतला भाग टायटेनियमने समृद्ध होत जातो. शंभर चक्रांनंतर सच्छिद्रता ३० टक्क्यांच्या वर गेल्याची मोजमापे आहेत. वेग त्यामुळे वाढतो. पण त्याच सरकण्याने क्षमता घटते: आवरणातले लोह आता टायटेनियमच्या सोबतीला नाही, ते हेमेटाइटसारखे वागते आणि मॅग्नेटाइटपाशी थांबते. क्षमता ४ टक्क्यांवरून शंभर चक्रांत जवळपास निम्म्यावर आल्याचे निकाल आहेत. तेव्हा प्रत्येक चक्राचे रूपांतर पहिल्या चक्राच्या वजनांवरून काढू नका. त्या-त्या चक्राची क्षमता मोजा. नाहीतर वाढता वेग आणि घटती क्षमता एकमेकांत मिसळतात आणि रेषेचा अर्थच लागत नाही.

किती चक्रे लागतात हे दर चक्रात किती खोल जाता यावर आहे. टीजीएमध्ये पूर्ण क्षपण केले तर हायड्रोजनवर साधारण दहा-वीस चक्रांत रेषा एकमेकींवर बसू लागतात. भाजलेला माल लवकर, कच्चा उशिरा. मोठ्या संचात दर फेरीत कण जेमतेम थोडासाच क्षपित होतो, म्हणून तिथे सक्रियण सावकाश होते, पण ते होते. लागोपाठ तीन चक्रांत निम्म्या रूपांतराचा काळ पाच टक्क्यांच्या आत राहिला की मोजणी सुरू करा. आधीचे सगळे आकडे वहीत राहू द्या, समीकरणात घेऊ नका.

हे सगळे नीट झाले की कोणते आकडे यावेत? स्पेनमधल्या झारागोझाच्या संशोधक गटाने २०११ मध्ये दिलेले आकडे मोजपट्टी म्हणून चांगले आहेत: सक्रिय इल्मेनाइटसाठी हायड्रोजन सुमारे ६५, कार्बन मोनॉक्साइड ८१, मिथेन १३५, आणि ऑक्सिडीकरण २५ किलोज्यूल प्रति मोल. नुसत्या भाजलेल्या, सक्रिय न झालेल्या मालासाठी हायड्रोजन १०९, कार्बन मोनॉक्साइड ११३, मिथेन १६५. तुमचा माल वेगळा आहे, आकडा हुबेहूब जुळणार नाही. पण हायड्रोजनला ५० च्या खाली आला तर पुन्हा क्रुसिबलकडे पाहा.

या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ असा. ८५० वरून ९५० अंशांवर गेलात तर वेग-स्थिरांक हायड्रोजनसाठी १.८ पट, कार्बन मोनॉक्साइडसाठी २ पट, मिथेनसाठी ३.३ पट. मिथेन मुळातच मंद असल्याने तापमान वाढवूनही तो सगळ्यात मागे राहतो. नैसर्गिक वायूच्या संचाला इल्मेनाइट घालू नये, ते यासाठी. तापमानाबरोबर वायू विरळ होतो हेही विसरू नका: त्याच १५ टक्क्यांत घनमीटरमागे मोल ८ टक्क्यांनी कमी. समीकरणात दाब नव्हे, सांद्रता घालायची असते. इथे गोंधळ झाला की सक्रियण ऊर्जेत सुमारे दहा किलोज्यूलचा फरक पडतो.

मिथेन वापरलेच तर क्षपणाच्या शेवटी वजन घटायचे थांबून चढू लागते का ते पाहा. चढले तर कणांवर काजळी बसते आहे. पुढच्या हवेच्या फेरीत कार्बन डायऑक्साइड मोजला की कळते.

टीजीएनंतर एकदा छोट्या फ्लुइडाइज्ड बेडमध्ये (खालून वायू सोडून उकळल्यासारखा ठेवलेला कणांचा थर) मोजा, कारण टीजीए वायूचे काय झाले ते सांगत नाही. २२ मिलिमीटर व्यासाची क्वार्ट्‌झ नळी, सच्छिद्र काचेची जाळी, १२५-१८० मायक्रॉनचे १५ ग्रॅम कण. ऑक्सिडीकरणाला ५ टक्के ऑक्सिजनच द्या. पूर्ण हवा दिली तर बेड तापून तापमान हातचे जाते. मग एक मिनिट नायट्रोजन, मग २० सेकंद निम्मे-निम्मे कार्बन मोनॉक्साइड-हायड्रोजन, मिनिटाला ४५० मिलिलिटर. बेड खरोखर उकळतो आहे हे दाबाच्या फरकातल्या थरथरीवरून कळते. रेषा सपाट झाली की बेड बसला. बाहेरच्या वायूतले जळलेले प्रमाण काढा. उदाहरणार्थ मिथेनवर ९५० अंशांना ६० टक्के जळले: तप्त प्रवाह सेकंदाला ३३.६ मिलिलिटर, ०.४ चा ऋण नैसर्गिक लॉगरिथम ०.९१६, त्याला प्रवाहाने गुणून १५ ग्रॅमने भागले की किलोमागे सेकंदाला सुमारे ०.००२ घनमीटर हा परिणामी वेग-स्थिरांक. यात बुडबुड्यांतून निसटलेला वायूही धरलेला आहे, म्हणून तो टीजीएच्या आकड्याहून कमी येतो. दोघांमधली दरी हेच तुमच्या बेडचे माप. विश्लेषकाची दिरंगाई १०-२० सेकंदांची असते. ती न काढता २० सेकंदांच्या फेरीतून वेग काढणे निरर्थक.

भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्गसारख्या खाणींचे मँगनीज घ्यावे का, हाही प्रश्न नेहमी येतो. कार्बन मोनॉक्साइड-हायड्रोजनशी ते अनेकदा इल्मेनाइटहून वेगवान असते. मँगनीजचे चार-ऑक्सिजनवाले ऑक्साइड ते एक-ऑक्सिजनवाले, क्षमता ७ टक्के. पण पहिल्या तापवणीत मँगनीज डायऑक्साइड बराच ऑक्सिजन सोडतो, कण तडकतात आणि धूळ होते. ती घट क्षपण म्हणून मोजू नका. हवा-रिअ‍ॅक्टरमधून निघताना ऑक्सिजन ४-५ टक्केच उरलेला असतो, तिथे ९०० अंशांना त्रिसंयुजी ऑक्साइडपर्यंत पुन्हा चढणे होत नाही. ती वरची पायरी हिशेबात धरणारे फसतात. चाल्मर्सच्या १०० किलोवॉट संचात इल्मेनाइटच्या कणाचे आयुष्य ७००-८०० तासांच्या घरात काढले गेले. मँगनीजची खनिजे त्याहून लवकर झिजतात.

आता १०० किलोवॉट. दर मेगावॉटला सेकंदाला साधारण ८० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे तुम्हाला ८ ग्रॅम. एका फेरीत कणाच्या वजनाच्या १ टक्का ऑक्सिजन द्यायचा ठरवला तर फिरता माल सेकंदाला ०.८ किलो, तासाला २.९ टन. एवढे फिरवणे झेपते का, हे आधी सायक्लोन (वायूतून कण वेगळे करणारे) आणि लूप-सील (कण जाऊ देऊन वायू अडवणारे) बनवणाऱ्याला विचारा. अनेक छोटे संच वेगावर नाही, इथेच अडतात.

इंधन-रिअ‍ॅक्टरमधला माल: ९०० अंशांवर, १५ टक्के हायड्रोजन, निम्मे रूपांतर, पूर्ण काळ १०० सेकंद असे धरले तर किलोमागे सेकंदाला ०.७५ ग्रॅम ऑक्सिजन सुटतो. ८ ग्रॅमला १०-११ किलो माल पुरला. हा आकडा घेऊन भट्टी बांधू नका. वेग दुप्पट चुकला तरी तो २०-२२ किलो होतो. आणि कोळशाला याच्या कित्येक पट माल लागतो, कारण वायू उडून गेल्यावर उरणारा कोळशाचा सांगाडा, म्हणजे चार-कण (इंग्रजी char), इल्मेनाइटशी थेट अभिक्रिया करत नाही. आधी वाफेने त्याचे वायूत रूपांतर व्हावे लागते आणि ते मिनिटांच्या हिशेबात चालते. म्हणून भट्टी ९५०-९७० अंशांवर ठेवतात, आणि हवा-रिअ‍ॅक्टरकडे जाणारे चार-कण मध्येच उडवून परत आणायला कार्बन स्ट्रिपर बसवतात. नाहीतर ते हवेत जळतात आणि त्यांचा कार्बन डायऑक्साइड पकडीतून सुटतो.

मग वाहकाच्या वेगाला काही किंमत नाही का? आहे, पण आडवाटेने. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड चार-कणांचे वायूकरण मंदावतात. वाहक ते दोन्ही पटकन खाऊन टाकतो, त्यामुळे वाफेने होणारे वायूकरण वेगाने होते. म्हणून कोळशासाठी टीजीएत हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचे आकडे नीट काढा, मिथेनवर वेळ घालवू नका. आणि कोळसा वरून टाकला तर उडणारे वायू बेडला न शिवता वर निघून जातात. कितीही वेगवान वाहक त्यांना पकडू शकत नाही. कोळसा बेडच्या तळाशी सोडा.

चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या कोळशाला राखेचा हिशेब या सगळ्यावर मात करतो. किलोमागे १६ मेगाज्यूल आणि ४० टक्के राख धरली तर १०० किलोवॉटला तासाला साडेबावीस किलो कोळसा, ९ किलो राख. बेडमध्ये १०० किलो माल असेल तर अकरा तासांत मालाइतकी राख आत येते. ती तळातून काढताना वाहकही जातो. इल्मेनाइटचा कण राखेहून जवळपास दुप्पट जड, तेवढ्यावर वाऱ्याने थोडी निवड होते. पण वर सांगितलेले हेमेटाइटचे आवरण इथे उपयोगी पडते. इंधन-रिअ‍ॅक्टरमधून निघालेल्या कणावर ते मॅग्नेटाइट झालेले असते आणि कच्च्या इल्मेनाइटला न जुमानणारे साधे चुंबक आता या कणांना उचलते. मात्र राख तिथूनच, क्षपित अवस्थेत, ऑक्सिजन न लागता थंड करून काढायला हवी. हवा-रिअ‍ॅक्टरच्या बाजूने काढली तर आवरण पुन्हा हेमेटाइट झालेले असते आणि चुंबकाला फारसे काही लागत नाही.